सापडले खरे, पण किती आणि केव्हा?



“रक्तात औषधाचे अंश सापडले” हे वाक्य तुम्ही वर्तमानपत्रात कधी ना कधी वाचले असेल. कधी ते एखाद्या खेळाडूविषयी असते, तर कधी एखाद्या संशयास्पद मृत्यूविषयी. वाचणारा चमकतो आणि मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा होतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो. मला हे वाक्य नेहमी अपुरे वाटते. “गाडी आली” असे कोणी सांगितले, तर आपण लगेच विचारतो : कोणती गाडी? किती वाजता? कोणत्या फलाटावर? मग औषधाच्या बाबतीत आपण गप्प का बसतो? किती सापडले? रक्त केव्हा घेतले होते? मोजमापात चूक किती असू शकते? आणि ते ज्याच्या शरीरात सापडले, तो प्राणी कोणता? या चार प्रश्नांची उत्तरे नसतील, तर “सापडले” या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत का, ते आपल्या घरातल्या साध्या वेदनाशामक गोळ्यांच्या उदाहरणाने सांगतो.

प्रथम ‘अंश’ म्हणजे किती थोडे, ते पाहू. आजची चांगली उपकरणे १ मिलिलिटर रक्तद्रवात १ नॅनोग्रॅम औषध असले तरी ते ओळखू शकतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ५ लाख लिटर पाण्यात विरघळवली, तर हे प्रमाण मिळेल. ५ लाख लिटर म्हणजे १०,००० लिटरचे ५० टँकर! पन्नास टँकरांत एक गोळी, आणि तीही उपकरणाला कळते. तुम्ही म्हणाल, मग त्या मिलिलिटरमध्ये उरले तरी काय असेल? हिशेब करून पाहा. पॅरासिटामॉलचा रेणुभार १५१ आहे. अॅव्होगाड्रोची संख्या वापरली, तर १ नॅनोग्रॅममध्ये सुमारे ४ लाख कोटी रेणू भरतात. तेव्हा ‘लेशमात्र’ म्हणजे ‘जवळजवळ काही नाही’ असे नव्हे.

हे रेणू ओळखायचे कसे? जुनी पद्धत रंगाची आहे. अॅस्पिरिन रक्तात गेल्यावर लवकरच त्याचे सॅलिसिलिक आम्ल होते. या आम्लात लोहाचा फेरिक क्षार घातला की जांभळा रंग येतो. ट्रिंडर यांनी १९५४ साली याच क्रियेवर आधारलेली रक्ततपासणी प्रसिद्ध केली. जांभळे द्रावण हिरवा प्रकाश शोषून घेते. द्रावणातून प्रकाश पाठवायचा, पलीकडे किती पोचला ते मोजायचे आणि त्यावरून औषधाचे प्रमाण काढायचे. द्रावण जेवढे दाट, तेवढा प्रकाश कमी, हा लॅम्बर्ट आणि बिअर यांचा नियम तुम्ही पुढे शिकालच.

पण रंगाच्या पद्धतीला दोन अडचणी आहेत. प्रमाण फार कमी झाले की रंग यंत्रालाही दिसत नाही. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. काविळीच्या रुग्णाच्या रक्तात बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य वाढलेले असते. रंगावर आधारलेल्या काही पॅरासिटामॉल-चाचण्यांत हा पिवळेपणाच औषध म्हणून मोजला जातो, आणि औषध न घेतलेल्या माणसाच्या रक्तातही ते ‘सापडते’. यंत्र खोटे बोलत नाही. त्याने रंग मोजला. त्या रंगाला औषधाचे नाव आपण दिले.

म्हणून अचूक कामासाठी दोन उपकरणे एकापुढे एक जोडतात. आधी रक्त अपकेंद्रकात फिरवून रक्तद्रव वेगळा करतात. मग त्यातली प्रथिने साक्यासारखी खाली बसवून वरचे निवळ द्रावण घेतात. ते बारीक कणांनी ठासून भरलेल्या एका अरुंद नळीतून दाबाने पाठवतात. फळ्यावरच्या खडूला शाईचा ठिपका देऊन त्याचे टोक पाण्यात उभे केले, तर शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर चढतात, हा प्रयोग तुम्ही केला असेल. नळीतही तेच घडते. निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात. याला क्रोमॅटोग्राफी किंवा वर्णलेखन म्हणतात.

नळीतून बाहेर पडलेला पदार्थ मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे द्रव्यमान-वर्णपटमापकात जातो. याचे मूळ पूर्णपणे भौतिकशास्त्रातले आहे. जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ च्या सुमारास निऑनचे आयन विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांतून पाठवले, तेव्हा त्यांना एकाऐवजी दोन रेषा मिळाल्या : एक २० वस्तुमानाची, दुसरी २२ ची. रेणूला विद्युत् भार दिला की त्याचे वस्तुमान मोजता येते, ही ती कल्पना. मात्र औषधासारखे नाजूक रेणू न मोडता त्यांना भार देण्याची सोय फार उशिरा झाली. बारीक भारित तुषार उडवून हे काम करण्याची पद्धत जॉन फेन यांनी मोठ्या रेणूंसाठी सिद्ध केली आणि त्याबद्दल त्यांना २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पॅरासिटामॉलच्या १५१ भाराच्या रेणूला एक प्रोटॉन चिकटला की १५२ चा आयन होतो. उपकरण फक्त १५२ वाले आयन निवडते, वायूच्या रेणूंवर आदळून त्यांचे तुकडे करते आणि त्यांतला ११० चा तुकडा मोजते. एवढ्यावरही विसंबत नाहीत. नमुन्यात सुरुवातीलाच एक जुळा भाऊ मिसळतात : चार हायड्रोजन अणूंच्या जागी जड हायड्रोजनचे म्हणजे ड्यूटेरियमचे अणू असलेले पॅरासिटामॉल. त्याचा आयन १५६ चा. तो किती घातला हे आपल्याला माहीत असते. वाटेत जेवढा तो सांडला, जवळपास तेवढेच खरे औषधही सांडले असणार, म्हणून दोघांचे गुणोत्तर काढले की हिशेब बराचसा जुळतो.

आता मुद्द्याकडे येतो. अशा उत्तम उपकरणातही गोंगाट असतो. औषधाचा कणही नसलेला कोरा नमुना त्यात घातला, तरी काटा पूर्ण शून्यावर बसत नाही. थोडा वरखाली होत राहतो. मधल्या सुट्टीत शाळेच्या अंगणात कोणी कुजबुजले तर ते ऐकू येत नाही. तीच कुजबुज परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षकांना बरोबर ऐकू येते. कुजबुज तीच, गोंगाट वेगळा. कोऱ्या नमुन्याचे वाचन पुन्हा पुन्हा घेऊन त्याची वरखाली ठरवतात, आणि खूण त्या चढउताराच्या साधारण तिप्पट उंच गेली तरच “सापडले” म्हणतात. ही त्या पद्धतीची शोधमर्यादा. तेव्हा अहवालात “आढळले नाही” असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ “औषध नाही” असा नसून “असल्यास आमच्या शोधमर्यादेपेक्षा कमी आहे” असा असतो. ही मर्यादा न सांगता लिहिलेला नकार मी नकार मानत नाही.

आणि होकार? समजा, एका मुलीने काल सकाळी ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची एक गोळी घेतली. औषध सर्व शरीरभर पसरते. रक्तद्रवात त्याचे प्रमाण फार तर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आसपास जाते. निरोगी माणसात दर दोन-अडीच तासांनी ते निम्मे होते. अडीच तास धरले, तर २५ तासांत दहा वेळा निम्मे, म्हणजे १०२४ वा भाग उरतो. हिशेब ढोबळ आहे, पण उत्तर येते सुमारे १० नॅनोग्रॅम. वर सांगितलेले उपकरण ते सहज पकडेल. मुलगी ठणठणीत शाळेत आली आहे, आणि तिच्या रक्तात औषध ‘सापडले’ आहे! यातून कळते ते एवढेच, की तिने औषध घेतले होते. अपाय झाला, नशा झाली, कोणी विष घातले, यांपैकी काहीही यातून सिद्ध होत नाही.

पण हाच आकडा कधीकधी जीवनमरणाचा असतो. घरातल्या लहान मुलाने गोड सरबत समजून तापाच्या औषधाची बाटली रिकामी केली, असे प्रसंग घडतात. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका घातक द्रव्यात बदलतो. एरवी यकृतातले ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते. औषध फार झाले की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. फसवी गोष्ट ही, की पहिल्या दिवशी मूल बरेचसे बरे दिसते; यकृताची हानी एकदोन दिवसांनी उघड होते. यावर एन-अॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे. तो पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत जवळजवळ नेहमी वाचते. म्हणून असे काही घडले, तर लक्षणांची वाट न पाहता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि औषधाची बाटली बरोबर न्यावी.

तेथे डॉक्टर काय करतात? औषध एकाच वेळी घेतले असेल आणि ती वेळ माहीत असेल, तर सामान्यतः चार तास झाल्यावर रक्त घेतात. त्याआधीच्या आकड्याचा भरवसा नसतो, कारण औषध अजून आतड्यातून रक्तात येतच असते. नंतर एक आलेख पाहतात. रुमॅक आणि मॅथ्यू या दोघा डॉक्टरांनी तो १९७५ साली प्रसिद्ध केला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर रक्तातले प्रमाण. अनेक देशांत वापरली जाणारी उपचाररेषा चार तासांना १५० मायक्रोग्रॅम, आठ तासांना ७५ आणि बारा तासांना ३७.५ या बिंदूंतून जाते. रेषेच्या वर असाल तर उतारा द्यायचा.

आता ६० हा आकडा घ्या. चार तासांनी ६० आले, तर ते रेषेच्या बरेच खाली. बारा तासांनी ६० आले, तर रेषेच्या बरेच वर. आकडा एकच, उपकरण एकच, अचूकताही तीच. पण एका मुलाला घरी पाठवता येईल आणि दुसऱ्याला उपचार न केल्यास त्याचे यकृत जाऊ शकेल. रक्ताच्या बाटलीवर वेळ लिहायची राहिली, तर कोट्यवधींचे उपकरणही डॉक्टरांना मदत करू शकत नाही.

चुकीच्या मर्यादेचेही तसेच. समजा, आठ तासांनी ७२ आले. रेषा ७५ ची. सुटलो? मोजमापात शेकडा ५ ची चूक संभवत असेल, तर खरे मूल्य ६८ ते ७६ मध्ये कोठेही असू शकते. रेषा त्या पट्ट्यातून जाते. अशा वेळी शहाणा डॉक्टर “७२ हे ७५ पेक्षा लहान” एवढ्यावर थांबत नाही. आणखी एक गंमत पाहा. ब्रिटनने २०१२ साली आपली रेषा खाली आणली आणि चार तासांना १०० मायक्रोग्रॅम ठरवली. रक्त बदलले नाही, रेणूही बदलले नाहीत. किती धोका पत्करायचा, हा निर्णय माणसांनी बदलला. म्हणजे आकडा निसर्ग देतो, पण रेषा माणसे आखतात. ती विचार करून, वाद घालून आखायची असते.

येथे कोणी म्हणेल, “मग थोडे असले की घाबरायचे कारण नाही, एवढेच ना?” तसेही नाही. डायक्लोफिनॅक हे सांधेदुखीवरचे प्रसिद्ध औषध. ५० किलो वजनाच्या माणसाने ५० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर किलोमागे १ मिलिग्रॅम होते आणि दुखणे थांबते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी निम्मी मरण्यास मात्र किलोमागे सुमारे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम एवढेच पुरते. त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसतो.

आपल्याकडील गिधाडे १९९० नंतर झपाट्याने नाहीशी होऊ लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या अभयारण्यात ही घट नोंदवली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या २००७ पर्यंत हजारात एक एवढी उरली. विषाणू, कीटकनाशके, जड धातू अशी कारणे तपासली गेली, पण उत्तर मिळेना. पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाने मग वेगळा प्रश्न विचारला : गिधाडे खातात ती गुरे मरण्यापूर्वी कोणती औषधे घेत होती? पशुवैद्य आणि औषधविक्रेते यांच्याकडून डायक्लोफिनॅकचे नाव पुढे आले. मग मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांत ते शोधले. युरिक आम्लाचा थर असलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत ते मिळाले. इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला आणि भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनवण्यावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्या इंजेक्शनच्या बाटलीवर एकाच मात्रेची मर्यादा आली.

या कथेतल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, उपकरण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. १५२ वर लावलेल्या यंत्राला डायक्लोफिनॅक शेजारून गेले तरी दिसणार नाही. दुसरी, त्या १३ गिधाडांचे महत्त्व २५ एवढेच आहे. औषध सगळ्याच मेलेल्या गिधाडांत सापडले असते, तर काहीच सिद्ध झाले नसते. तुलनेसाठी ‘नाही’ चे नमुने तपासले, म्हणून ‘आहे’ ला किंमत आली.

आता माझी तक्रार. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत नेमके हेच शिकवले जात नाही. रसायनाच्या तासाला क्षार ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे लिहिले की गुण मिळतात. भौतिकीच्या तासाला एक वाचन घेतात आणि गणनयंत्रावर येतील ते आठ अंक वहीत उतरवतात. मोजपट्टीचा लहान भाग एक मिलिमीटरचा, आणि उत्तर मात्र मिलिमीटरच्या लाखाव्या भागापर्यंत! कोरा नमुना तपासला का, हे कोणी विचारत नाही. उत्तर पुस्तकाशी जुळले की प्रयोग यशस्वी. अशा सवयीचा विद्यार्थी उद्या रक्ताचा अहवाल लिहिणार आहे, वाचणार आहे, किंवा न्यायालयात त्यावर साक्ष देणार आहे.

काही शिक्षकमित्र म्हणतात, “मुलांना एवढे झेपणार नाही, शिवाय महागडी उपकरणे आणायची कोठून?” वेळेची ओढाताण मला ठाऊक आहे आणि साठ मुलांच्या वर्गात प्रयोग घेणे सोपे नाही, हेही खरे. पण उपकरणाची सबब मला पटत नाही. शोधमर्यादा शिकायला एक दौत आणि दहा पेले पुरतात.

एका पेल्यात एक चमचा निळी शाई आणि नऊ चमचे पाणी घ्या. चमचा धुऊन त्यातले एक चमचा दुसऱ्या पेल्यात घ्या आणि नऊ चमचे पाणी घाला. असे पुढे सात-आठ पेल्यांपर्यंत जा. दर पेल्याला शाई दहापट विरळ होईल. मग मित्राला सांगा, की पाठ फिरवून पेल्यांची जागा बदल आणि त्यांत साध्या पाण्याचे दोन पेलेही मिसळ. खालच्या बाजूला चिठ्ठ्या चिकटवायला विसरू नका. पांढऱ्या कागदावर ठेवून प्रत्येक पेल्यापुढे ‘शाई आहे’ किंवा ‘दिसत नाही’ असे लिहा. वर्गातल्या दहा जणांनी हे स्वतंत्रपणे करावे आणि मग चिठ्ठ्या पाहाव्यात. कोणाची मर्यादा चौथ्या पेल्याला संपेल, कोणाची पाचव्या. कोणाला साध्या पाण्यातही निळसर छटा दिसलेली असेल. त्याला हसू नका. ती नोंदही वहीत लिहा, कारण वर्गाच्या मोजमापातली चूक त्या नोंदीवरूनच कळणार आहे. संध्याकाळच्या उजेडात तोच प्रयोग पुन्हा करा आणि मर्यादा बदलते का ते पाहा.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की या प्रयोगाचे गुण बरोबर ओळखलेल्या पेल्यांवर देऊ नयेत. कोणत्या उजेडात पाहिले, किती वेळा पाहिले आणि कोठपर्यंत खात्रीने सांगता येते, हे ज्याने प्रामाणिकपणे लिहिले असेल, त्याला पूर्ण गुण द्यावेत.